मडगार्डवरचा हात

"ती रिंग ब्रशने घासू नकोस. नुसती खळबळून काढ," हे म्हणाले.

मी ब्रश खाली ठेवला, पितळेची रिंग रॉकेलच्या ट्रेमध्ये दोनदा हलवली आणि फडक्यावर पालथी घातली. तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. जुन्या गाडीचा गिअरबॉक्स उघडला की निम्मा दिवस धुण्यातच जातो. बायकांच्या पुढ्यात खरकटी भांडी असतात, माझ्या पुढ्यात गिअर. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाकघर दाखवलं आणि महिन्याभरात थोरल्या दिरांनी गॅरेज दाखवलं. सुटे भाग धुणारा माणूस न सांगता पळाला होता. "दोन दिवस जरा हात लाव, दुसरा माणूस मिळेपर्यंत," असं म्हणाले होते. त्या दोन दिवसांत माझे केस पांढरे झाले.

हे म्हणजे माझे यजमान. गॅरेजात त्यांना सगळे धाकटा म्हणतात. साठी जवळ आली, डोक्यावर मोजून चार केस उरले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी धाकटाच. गिऱ्हाईक दारातून आत आलं की यांच्याकडे बघून विचारतं, "दादा आहेत का?" हे म्हणतात, "आहेत, बसा." आणि परत गाडीखाली जातात. गाडी दुरुस्त हेच करतात, पण गिऱ्हाईक भेटायला आलेलं असतं दादांना.

दादा म्हणजे माझे थोरले दीर. माझे सासरे लवकर गेले, तेव्हा दादांनीच यांना वाढवलं, हातात पाना दिला, चुकलं की त्याच पान्याने बोटांवर मारलंही. ते उपकार आहेत, मी नाकारत नाही. पण उपकारांचंही गिअरबॉक्ससारखंच असतं, किती वर्षं तेच तेल चालवायचं याला काही मर्यादा हवी. हे मी यांना एकदा बोलून दाखवलं तर चार दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

आमच्या गॅरेजचं नाव झालं ते दादांच्या कानामुळे. हातभर लांबीचा एक लाकडी दांडा होता त्यांच्याकडे, धरून धरून गुळगुळीत झालेला. चालू गिअरबॉक्सच्या कवचावर त्याचं एक टोक टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, पुढचं बेअरिंग ठीक आहे, मागचं कण्हतंय, दुसऱ्या गिअरचा एक दात दुखावलाय. पेटी उघडली की तसंच निघायचं. एकदा एक ट्रक फाटकातून आत वळत होता, तेवढ्यात दादा जेवणाच्या डब्यावरून मान वर न करता म्हणाले, "याला सांगा, परत माल भरू नकोस, शाफ्ट जाईल." तो ड्रायव्हर हसला. संध्याकाळी त्याला दोरीने ओढून आणलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, उगाच खोटं का बोलू? दादांचा कान खरा होता.

होता, म्हणते मी.

कान कधी गेला ते कुणालाच नीट सांगता येणार नाही. आधी ते "काय?" म्हणायला लागले. मग "काय?" म्हणणं बंद केलं आणि मान डोलवायला लागले. कुणी काही विचारलं की हो, हो. चहा घेणार का, हो. गाडी उद्या मिळेल का, हो. एकाने सांगितलं, दादा, आमचे वडील गेले, त्यावरही हो हो, छान. त्या दिवशी हे धावत मध्ये पडले आणि म्हणाले, दादांचं लक्ष नव्हतं. घरी जाऊबाई ओरडून ओरडून बोलतात, पण त्यांना वाटतं की नवरे सगळ्यांचेच असे असतात. डॉक्टरांकडे जा म्हणायची कुणाची छाती नव्हती. ज्याचं नावच कानामुळे, त्याला कानाच्या डॉक्टरकडे कोण पाठवणार?

तरी दांडा लावून गिअरबॉक्स पास करणं चालूच होतं. आणि पूर्वीइतकंच बरोबर. याचं मला नवल वाटायचं, त्याचं कारण एकदा ट्रेपाशी बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं. दादा ड्रायव्हरच्या जागेवर बसून, पायाखालची फळी काढून, वाकून दांड्याला कान लावायचे. पण डोळे मिटायचे बंद झाले होते. डोळे काचेतून समोर. समोर मडगार्डापाशी हे उभे, आणि यांचा उजवा हात मडगार्डवर. तळवा पसरलेला असला की दादा म्हणायचे, "पास." दोन बोटं उचललेली दिसली की म्हणायचे, "दुसऱ्याला आवाज आहे." तीन उचलली की तिसऱ्याला. यांचा कान दांड्याशिवायच ऐकत होता, तेही चार पावलांवरून, इंजिनाच्या आवाजातून. हे यांना कुणी शिकवलं नव्हतं. दादा नेहमी म्हणत आले, हात शिकवता येतो, कान शिकवता येत नाही.

त्या रात्री जेवताना मी विचारलं, हे काय चाललंय? हे म्हणाले, कसलं काय? मी ताटाच्या कडेवर माझा तळवा पसरून ठेवला, मग दोन बोटं उचलली. हे बराच वेळ घास चावत राहिले. मग म्हणाले, "कुणाला बोलू नकोस."

"दादांनी सांगितलं तुम्हाला असं करायला?"

"दादा कशाला सांगेल? एकदा अडला होता. माझा हात असाच तिथे होता. त्याने बघितलं."

दोघे त्यावर एक शब्दही बोलले नव्हते, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ एकाची होती आणि सव्वा लाख दुसऱ्याचे. पण मी गप्प राहिले, कारण मागे दादांचं मोठं दुखणं झालं तेव्हा त्यांनी पलंगावरून सगळ्यांसमोर सांगितलं होतं, माझ्यामागे गॅरेज धाकट्याचं. जाऊबाई होत्या, त्यांची मुलगी होती, जावई होते. आमची लेक सासरहून फोन करून दर वेळी यांना सांगते, बाबा, तुम्ही वेगळं काढा. हे म्हणतात, वेगळं कशाला, आपलंच आहे की. मीही तेच म्हणायचे. कुणाच्या हाताखाली न राहता हे एकदा तरी दादांच्या त्या दारातल्या खुर्चीवर बसलेले मला पाहायचे होते. मला बाकी काही नको होतं.

तर त्या दिवशी मी धूत होते तो गिअरबॉक्स वकीलसाहेबांच्या गाडीचा. त्यांच्या वडिलांची गाडी, टप मागे पाडता येणारी, लांब नाकाची, कापड घालून वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी असलेली. नातीच्या लग्नात नवरा-नवरी त्याच गाडीतून निघायचे असं त्यांनी ठरवलं होतं. गाडी सुरू झाली, पण गिअर पडेना. उघडला तर आत तेल कसलं, डांबर झालं होतं. चमच्याने खरवडून काढावं लागलं. त्याखाली मात्र माल अस्सल. एकेक गिअर धुऊन पुसून फडक्यावर ठेवला की हे उचलून उजेडात धरायचे, दातांवरून अंगठा फिरवायचे आणि खाली ठेवायचे. यांचा चेहरा खुलला होता. असलं काम आता कुठे मिळतं?

वकीलसाहेब तेलाचा डबा घेऊनच आले. परदेशी, चकचकीत, महागातला. दादांच्या खुर्चीपाशी जाऊन त्यांनी विचारलं, हे नवं निघालंय, सगळ्यात भारी म्हणतात, हे चालेल ना? दादांनी डबा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि मान डोलावली. हो, हो. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी नकळत पितळी रिंगांवर फडकं ओढलं होतं. असल्या तिखट तेलात हळूहळू पितळ खाल्लं जातं, जुन्या पेटीला साधं जाड तेलच लागतं, हे दादांनीच यांना शिकवलेलं. पण दादांनी हो म्हटल्यावर गिऱ्हाइकासमोर नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. हे नेहमी करतात तसं करणार होते, डबा ठेवून घ्यायचा आणि पेटीत आपलं साधं तेल ओतायचं. दादांचे कितीतरी होकार यांनी असे मागच्या दाराने निस्तरले आहेत.

तेवढ्यात जावई आले. दादांच्या मुलीचे यजमान. माणूस वाईट नाही, हसतमुख आहे, गाड्यांच्या सीटकव्हरचं आणि पॉलिशचं दुकान चालवतो. बरोबर एक टेप घेतलेला मनुष्य. दोघांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावली, मग माझ्या ट्रेपाशी येऊन जावई म्हणाले, काकू, जरा पाय घेता का? मी पाय घेतले. माझ्या पायांखालची जमीन मोजून झाली.

यांनी विचारलं, हे कशासाठी?

"काका, तुम्हाला दादांनी सांगितलं नाही?" जावई खरंच गोंधळले. "पुढच्या महिन्यापासून आपलं इकडे सुरू करतोय ना. धुलाई, पॉलिश, समोर सगळी काच. आता हे जुनं काम कोण आणतंय? गिअरबॉक्स आत असतो काका, तो बघायला कोण येतं?"

हे हात पुसत पुसत दादांच्या खुर्चीपर्यंत गेले. नेहमीच्या आवाजात म्हणाले, दादा, हे जावई काय म्हणतायत? दादांनी मान डोलावली. हो, हो. मग यांनी आवाज चढवला. उभ्या आयुष्यात मी यांना आवाज चढवताना पाहिलं नव्हतं, आणि चढवला तोही रागाने नाही, दादांना ऐकू जावा म्हणून.

"दादा, माझं काय?"

सगळं गॅरेज थांबलं. वकीलसाहेब डब्यावरची अक्षरं वाचायला लागले. जिंदगीभर मनात धरलेला प्रश्न असा हाक मारल्यासारखा ओरडून विचारायची वेळ आली, याची मला लाज वाटली आणि संतापही आला.

"तुझं काय?" दादा म्हणाले. या वेळी त्यांना ऐकू गेलं होतं. "तू आहेसच की. जावयांच्या हाताखाली राहशील. तुला कोण जा म्हणतंय?"

वकीलसाहेबांना राहवलं नाही. ते कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "पण दादा, धाकटे चालवतीलच की तुमच्यामागे. तुमच्या हाताखाली तयार झालेत."

दादांनी एकदा यांच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "हात आहे त्याला साहेब, हाताला तोड नाही," ते म्हणाले. "पण गिअरबॉक्स हाताने कळत नाही, कानाने कळतो. आणि कान नाही त्याला. तो देवानेच द्यावा लागतो."

मला वाटलं होतं हे काहीतरी बोलतील. निदान हसतील. हे परत आले, फडकं बाजूला केलं, एक रिंग उचलून गिअरच्या शंकूवर बसवली आणि फट किती राहते ते बघायला लागले. हात जराही हलत नव्हता. मला मात्र ट्रेमधलं काही दिसेना. रॉकेल डोळ्यांत गेलं, असं मी विचारणाऱ्याला सांगितलं.

घरी गेल्यावर मी बोलले. मनात साचलेलं सगळं बोलले. दादांना आयतोबा म्हणाले, कृतघ्न म्हणाले, आणखीही काही म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हटलं, उद्या चारचौघांत सांगा, दादांना ढोल वाजला तरी ऐकू येत नाही. एवढी वर्षं कुणाच्या कानावर त्यांचं पोट भरलं ते सांगा. हे मोरीत हात धूत उभे होते. आमच्यात हात धुऊन पांढरे कधी होत नाहीत, तरी बराच वेळ साबण लावत राहिले.

"मला वाटायचं त्याला माहीत आहे," हे म्हणाले. "बोलत नाही, पण माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. वाढ."

त्यानंतर यांनी ती पेटी बांधली. मी या कामात किती पेट्या पाहिल्या असतील, पण तशी बांधलेली पाहिली नाही. प्रत्येक बेअरिंग बोटावर फिरवून कानाशी धरलं. गॅस्केट स्वतः कातरलं. शाफ्ट बसवताना हातोडी लागलीच नाही, हातानेच सरकत गेला, जणू रोजची वाट असावी. साधं जाड तेल गाळून घेतलं, कोमट करून ओतलं, आणि साहेबांचा भारी डबा फळीवर मागे सारला. कुणाशी बोलणं नाही. चहा आणून ठेवला तर गार होऊन जायचा. मला वाटलं, एखादा मुलीची पाठवणी करताना ट्रंक भरतो, तसं चाललंय यांचं. या गॅरेजातलं आपलं हे शेवटचं मनासारखं काम, हे यांना कळलं होतं.

गाडी मागून लोखंडी घोड्यांवर चढवली, मागची चाकं अधांतरी, आणि वकीलसाहेबांना बोलावणं गेलं. साहेब आले, त्यांच्याबरोबर त्यांचे व्याहीही आले, कारण दादांचा कान हे बघण्यासारखं होतं. जावई होतेच. दादा नवा शर्ट घालून आले होते. ड्रायव्हरच्या जागेवर बसले, दांडा मागितला, एक टोक कवचावर टेकवलं, वाकून कान लावला. इंजिन सुरू झालं.

हे मडगार्डापाशी जाऊन उभे राहिले, आणि यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

मी ट्रेपाशी उभी होते. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. इतका झाला की मी पदर तोंडाला लावला. मनात म्हटलं, घ्या. आता देवाने दिलेल्या कानाने ऐका.

दादांनी पहिला टाकला. मागची चाकं फिरायला लागली. दुसरा. तिसरा. कुठे खरखर नाही, कुठे अडखळणं नाही. माझ्यासारख्या धुणारीलाही कळत होतं की पेटी गातेय. वकीलसाहेबांनी व्याह्यांकडे पाहून भुवया उंचावल्या. दादांनी काचेतून समोर पाहिलं. मडगार्ड रिकामं होतं. त्यांनी चौथा टाकला, परत तिसरा टाकला, आणि पुन्हा पाहिलं. यांचा चेहरा सरळ होता, नजर भिंतीकडे. दादांचे डोळे मडगार्डावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, गर्दीत चुकलेलं पोर आईचा हात शोधतं तसे, आणि तिथे माझा आनंद विरला. ऐंशीला टेकलेला म्हातारा माणूस, दांड्याला कान लावून बसलेला, आणि त्या दांड्यातून त्याच्यापर्यंत काहीही पोचत नव्हतं. सगळे वाट बघत होते.

मला वाटलं आता ते म्हणतील, पास. कुणीही तेच म्हटलं असतं. इतकं गुळगुळीत चाललेलं डोळ्यांनाही दिसत होतं.

दादा सरळ झाले. इंजिन बंद केलं.

"तिसऱ्याला आवाज आहे," ते म्हणाले. "खोलावी लागेल."

क्षणभर मला कळलंच नाही. मग कळलं. इतक्या वर्षांत या दोघांची एकच भाषा होती, तळवा पसरलेला म्हणजे ठीक. तळवा नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय. दादांना यांचा रुसवा दिसलाच नव्हता. त्यांनी एवढंच वाचलं की धाकटा ठीक म्हणत नाही, आणि धाकटा ठीक म्हणत नाही म्हणजे ठीक नाही. त्यात त्यांनी शंका घेतली नाही. कुठल्या गिअरला, ते तेवढं अंदाजाने ठोकून दिलं. ज्याला कान नाही म्हणून चारचौघांत सांगितलं, त्याच्याच कानावर त्यांनी डोळे झाकून विश्वास ठेवला होता.

वकीलसाहेब भारावून गेले. व्याह्यांना म्हणाले, बघितलंत? आपल्याला काही ऐकू आलं का? याला म्हणतात कान. व्याहीही मान हलवायला लागले. जावई यांच्याजवळ आले आणि समजुतीने म्हणाले, असू दे काका, वयानुसार हात थोडा हलतोच. आणि दादा गाडीतून उतरताना, साहेबांचा हात धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हटलं नव्हतं का? हाताने पेटी बांधता येते. ती बरी बांधलीय की नाही, ते कान सांगतो."

मी यांच्याकडे पाहत होते. आता बोला, म्हणत होते मनात. सांगा, पेटीत काही नाही. सांगा, माझ्यासारखी कुणी बांधू शकत नाही. यांनी तोंड उघडलंही. मग दादांचा तो साहेबांच्या हातात थरथरणारा हात पाहिला असेल, किंवा व्याह्यांचा चेहरा, मला माहीत नाही. हे म्हणाले, "दोन दिवस लागतील साहेब. लग्नाआधी मिळेल."

मंडळी गेली. मी तरातरा यांच्याकडे गेले. "का नाही सांगितलंत?"

"काय सांगू?"

"पेटी चांगली आहे म्हणून."

"आणि दादाने आवाज आहे म्हटलं ते? त्याचं काय सांगू?" हे म्हणाले. "एकच सांगता येतं ना. पेटी चांगली म्हटली की तो संपला."

"आणि तुम्ही?"

हे गाडीखाली शिरायला पोतं अंथरायला लागले. मला तेव्हा यांचा जितका राग आला, तितका दादांचाही कधी आला नव्हता. भला माणूस घरात असणं ही चैन आहे, ती परवडावी लागते. आपलीच पेटी, निर्दोष, आयुष्यातली सगळ्यात चांगली, ती आपल्याच हाताने खोलायची, कारण एकदा, एकदाच, हात जागेवर ठेवला नाही.

हे अर्धे गाडीखाली गेले होते तेव्हा दादा परत आले. एकटे. नव्या शर्टाच्या बाह्या वर केलेल्या. ते हळूहळू गुडघ्यावर बसले, मडगार्डाला धरून, आणि खाली वाकले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं, पण मी तिथे असण्या-नसण्याने त्यांना फरक पडत नव्हता, कधीच पडला नव्हता. आवाज अगदी खाली आणून, जसा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, त्यांनी विचारलं,

"पेटी काय बोलत होती रे?"

म्हणजे माहीत होतं. सगळं माहीत होतं. कुणाच्या बोटांवर आपलं नाव उभं आहे ते दर वेळी, दर गाडीला, माहीत होतं, आणि तरी त्या दिवशी साहेबांसमोर ते तसं म्हणाले होते.

गाडीखालून हे म्हणाले, नेहमीच्या आवाजात, ना चढवून ना उतरवून,

"काही नाही, दादा. चांगली होती."

दादांनी कान पुढे केला, ऐकलं असं वाटलं, आणि यांच्या गाडीबाहेर राहिलेल्या पायावर दोनदा थोपटलं.

"होतं असं कधीकधी," ते म्हणाले. "मनाला लावून घेऊ नकोस."

ते उठले, गुडघे झटकले आणि दिव्याचं बटण दाबून, आम्हाला उजेड करून देऊन, घरी गेले.

"ट्रे सरकव," हे म्हणाले.

मी सरकवला. यांनी खालचा बोल्ट फिरवून काढला आणि तेल यायला लागलं. दोन-चार मिनिटं फिरलेलं, अजून नीट गरमसुद्धा न झालेलं, मधाच्या रंगाचं. धार सरळ होती, पातळ होत गेली तरी तुटली नाही. मी ट्रेमध्ये बोट घालून दोन बोटांमध्ये चोळून पाहिलं. एकही कण नव्हता.